बटाट्याची संक्रांत

आमच्या निपाणीच्या घरात पाहुणा आला की आधी शिंकायचा आणि मग "काय, बरं हाय का?" म्हणायचा. त्याला कारण आमचे वडील, आप्पा. खालच्या अख्ख्या मजल्यावर त्यांची तंबाखूची बोदं, म्हणजे ठासून भरलेली पोती, रचलेली असत आणि वर आम्ही माणसं राहायचो. तंबाखूचा नाकाला झोंबणारा वास, खाट, जिन्यानं वर यायचा, भाकरीत शिरायचा, गाद्यांत शिरायचा, आणि माझी आई शपथेवर सांगायची की मी जन्मल्यावर रडले नाही, शिंकले. बाकी घर मोठं धार्मिक. सूर्य मावळायच्या आत जेवणं, पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही, आणि वाळलेली हळद सोडली तर जमिनीखाली वाढणारं काही म्हणजे काही घरात येणार नाही. कांदा नाही, लसूण नाही, मुळा नाही, गाजर नाही. भोगीच्या भाजीत दुसऱ्यांच्या घरी गाजराचे लालचुटूक तुकडे असत, आमच्या भाजीत त्यांच्या जागी जास्तीचं वांगं. बटाट्याचं तर नावसुद्धा घेत नसत. एका बटाट्यात अनंत जीव राहतात, असं आत्या सांगायची. मी त्या जिवांची फार काळजी करायची. एवढ्याशा जागेत बिचारे झोपत कसे असतील?

ही आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला, चिकोडीकडचं सासर सुटलं, आणि ती माघारी आली ती आमच्या घराची कलेक्टर होऊन. बोलायची मराठीत, रागवायची कानडीत, आणि रागवायचंच काम जास्त असल्यामुळे आम्हा पोरांचं कानडी फार चांगलं झालं. "साकु!", म्हणजे पुरे, असं ती म्हणाली की चुलीवरचं दूधसुद्धा उतू जायचं थांबत असे. माझी आई तिच्या पुढ्यात आयुष्यभर "व्हय आत्या" एवढंच बोलली. आप्पा बाजारात मोठे व्यापारी होते, पण उंबरा ओलांडून आत आले की धाकटे भाऊ व्हायचे. आणि माझा थोरला भाऊ, अण्णा, तो वर्तमानपत्र वाचायचा. लढाईचे दिवस होते, वाचायला पुष्कळ होतं, आणि उघडलेल्या पानामागं एक उंच तरणाबांड माणूस सबंध दडू शकतो हे त्यानं शोधून काढलं होतं.

अशा घरात आमची वहिनी आली. बेळगावच्या कॅम्पातली. तिचे वडील गोऱ्या पलटणीला कापड पुरवायचे. घर जैनच, पण कॅम्पातलं, म्हणजे देव्हारा आपल्या जागी आणि बिस्किटं आपल्या जागी. वहिनी मडमांच्या शाळेत शिकलेली. तिला पेटीवर दोन इंग्रजी गाणी वाजवता येत, जी तिनं आमच्या घरात कधीच वाजवली नाहीत, कारण पेटी नव्हती आणि आत्या होती. पहिले काही महिने ती डोक्यावरचा पदर सावरत भाकऱ्या थापत राहिली. मग मार्गशीर्षातल्या एका दुपारी, आत्या बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, गेलेली पाहून, तिनं मला माडीवर बोलावलं आणि ट्रंकेतून रंगाची पत्र्याची डबी काढली.

"रत्ना, संक्रांतीला कार्डं करूया?"

कार्ड म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं की मडमांच्या शाळेत थंडी पडली की मुली नाताळची कार्डं करत. जाड कागदावर ठसे उमटवायचे, खाली दोन शब्द लिहायचे आणि ओळखीच्यांना द्यायची. आपण तिळगुळाबरोबर देऊ, म्हणाली. मी विचारलं, ठसा कशाचा? वहिनीनं दाराकडं बघितलं, मग माझ्या कानाशी तोंड आणून तो शब्द उच्चारला. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. एवढा आनंद मला त्याआधी कशाचाच झाला नव्हता.

बटाटे आणायचं काम माझ्याकडं आलं. बाजारातली तानी भाजीवाली आम्हाला सात पिढ्यांची ओळखत असल्यासारखी वागायची. तिनं मला नखशिखान्त न्याहाळलं.

"जैनाची पोर न्हवं गं तू? बटाटा कुणाला?"

"म्हशीला," मी म्हटलं. "आजारी हाय."

"काय हुतंय?"

"शिंकतीया."

आमच्या घरची म्हैस शिंकते हे तानीला पटलं. तिनं बटाटे दिले आणि वर म्हशीला हिंग हुंगवायचा सल्लाही दिला. परकराच्या ओच्यात ते अनंत जीव घेऊन मी घरी आले, तर जिन्यातच आत्या. मी पोटावर हात धरला. पोट दुखतंय म्हटल्यावर तिनं मला ओव्याचा अर्क पाजला. तो कडू घोट मी धर्मासाठी नाही तरी कलेसाठी प्यायले.

वहिनीनं बटाटा मधोमध कापला, पुसून कोरडा केला आणि अण्णाच्या पेन्सिली तासायच्या चाकूनं कोरू लागली. पहिला ठसा तिनं सवयीनं नाताळच्या झाडाचा कोरला, बर्फाचे गोळे वगैरे लगडलेलं. बर्फ तिनं पाहिलेलं नव्हतं, मी तर ऐकलेलंही नव्हतं. मी म्हटलं, हा ऊस फारच माजलाय. वहिनी हसून हसून लोळली आणि मग तिनं त्याच झाडाच्या फांद्या छाटून खरोखरच उसाचं कांडं आणि वरचा शेंडा केला. पुढं बोरं, हरभऱ्याचे घाटे, तिळाचं फूल. मी एक चिमणी कोरली. ती कागदावर उमटली तेव्हा तंबाखूच्या बोदासारखी दिसत होती. तिला दोन पाय काढून आम्ही कबूतर म्हटलं.

डबीतले रंग लवकरच संपले. लढाईमुळं बेळगावातही नवे मिळेनात. मग वहिनीनं स्वयंपाकघरातच रंग शोधले. हळदीत चुना कालवला की लाल होतो, हे तर घरोघरी ठाऊक. पण हळदीत धोतराला घालायची नीळ मिसळली तर कोवळ्या घाट्याचा हिरवा होतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. निळीचा एक थेंब जास्त पडला तर तोच हिरवा मोराच्या मानेकडं झुकतो, हळद वाढवली तर पिकत्या पानाकडं. वहिनी बशीत बोटानं रंग घोळत बसायची आणि जमेना तेव्हा कॅम्पातल्या शिव्या द्यायची, अगदी हळू आवाजात, त्याही इंग्रजी. घट्टपणाला बाभळीचा डिंक. आणि तपकिरी रंग आमच्या घरी फुकट होता. तंबाखूचा चुरा रात्रभर पाण्यात भिजवला की सकाळी असा दाट, तांबूस तपकिरी उतरायचा की त्यात उमटवलेली बोरं खावीशी वाटत. तो रंग काढताना आम्ही दोघी शिंका दाबून दाबून लाल व्हायचो. आता माझी नातवंडं मोबाइलवरून तिळगूळ पाठवतात. दिसायला छान असतो, चावायला लागत नाही, आणि मला दात नसल्यामुळे माझी काही तक्रार नाही. पण त्याला वास नसतो.

राहता राहिला कागद. तोही लढाईनं गिळलेला. पण आमच्या घरात जाड, गुळगुळीत कागदाचा एक गठ्ठा होता. अण्णाच्या लग्नपत्रिका. आत्यानं मोठेपणासाठी इतक्या छापून घेतल्या होत्या की निपाणीतल्या प्रत्येक माणसाला देऊन बैलांनाही देता आल्या असत्या. मागची बाजू कोरी. वहिनीनं स्वतःच्या लग्नाच्या पत्रिका मधोमध कापल्या, कोऱ्या बाजूवर ठसे उमटवले आणि खाली वळणदार अक्षरात मजकूर लिहिला. छापील बाजूकडं आम्ही बघितलंही नाही. कुणाच्या कार्डामागं वरचा अर्धा भाग गेला, देवाचं नाव आणि वधूवरांची नावं. कुणाकडं खालचा गेला.

संक्रांतीच्या दिवशी मी नवा परकर नेसून गल्लीत दारोदार कार्डं वाटली. प्रत्येक कार्डावर दोन दोन तिळाचे लाडू ठेवून, ताटलीसारखं हातात धरून. लोक चकित झाले. कुणी विचारलं, हे कोल्हापुरास्नं मागवलं काय? आमच्या बस्तीच्या उपाध्यांनी तर लाडू तिथंच उभ्या उभ्या खाल्ले, कार्ड सोवळ्याच्या उपरण्यात खोचलं आणि "सुनेचा हात चांगला हाय" असा निरोप दिला. आप्पांनी एक कार्ड दुकानात गादीमागं लावलं. कोगनोळीला आमचे एक काका असत, आप्पांचे चुलते, कानानं ठार बहिरे आणि जेवणाचे भारी शौकीन. त्यांचं कार्ड एका गाडीवाल्याबरोबर पाठवलं. घरात सगळे खूश. आत्यासुद्धा काही बोलली नाही, म्हणजे तिच्या हिशेबानं तिनं कौतुकच केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार दम खात बाजारात थांबली आणि तीतून कोगनोळीचे काका उतरले. जरीचा फेटा, नवं धोतर, खांद्यावर वळकटी, मागं काकू, त्यांची सून आणि तिच्या कडेवरची दोन पोरं. दारात उभं राहून त्यांनी मांडव शोधला. मांडव नव्हता. मग ते आप्पांना बाजूला घेऊन, म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाले, "लगीन हाय तर मांडव कुठं हाय रं? आन् पहिलीचं काय झालं?"

आप्पांना काही कळेना. काकांनी बंडीतून कार्ड काढलं आणि उलटी बाजू पुढं केली. तिथं छापलेलं होतं, '...तरी आपण सहकुटुंब सहपरिवार येऊन मंगल कार्यास शोभा आणावी', आणि खाली आप्पांचं नाव. अण्णा दुसरी बायको करतोय, अशी बातमी काकांनी कोगनोळीत आधीच सांगून ठेवली होती.

आप्पांनी कार्ड सुलटं केलं, उलटं केलं, आणि हसू लागले. मला ते हसताना पाहायची सवय नव्हती. आधी वाटलं शिंक अडकलीय. ते म्हणाले, "सूनबाईनं आपल्याच लग्नाची पत्रिका कापली की!" मग ठशावरून बोट फिरवत त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघून विचारलं, "ठसा लई नामी हाय, सूनबाई. लाकडाचा हाय काय? कुणाकडनं करून घेतला?"

वहिनी दाराआड उभी होती. तिला 'लाकडाचा' म्हणता आलं असतं. मी डोळ्यांनी तिला तेच सांगत होते. पण मडमांच्या शाळेत खोटं बोलायला शिकवत नसावेत.

"बटाट्याचा आहे," ती म्हणाली.

काकांनी कानामागं हात धरला. "काय म्हणली? काय म्हणली ती?" सगळे आत्याकडं बघू लागले. "अरं, कशाचा हाय म्हणली?" काका पुन्हा ओरडले. तेव्हा माझ्या भावानं वर्तमानपत्र खाली ठेवलं, काकांच्या कानाशी वाकला आणि त्या सबंध दिवसातला आपला एकमेव शब्द सगळ्या गल्लीला ऐकवला.

"बटाटा!"

आत्या उठली ती थेट माडीवर. आम्ही तिच्या मागं. तिनं वहिनीची ट्रंक उघडली, लग्नाचा शालू बाजूला सारला. खाली कोरलेली शकलं सुकून अक्रोडासारखी झाली होती, आणि त्यांच्या शेजारी एक न कापलेला अख्खा बटाटा होता. त्याला महिनाभराच्या उबेनं चांगले बोटभर पांढरे कोंब फुटले होते. आत्यानं तो वर धरला.

"अय्यो! जित्ता हाय ह्यो!" ती किंचाळली. "बघा, डोळं उघडून बघालाय! आन् ह्याच्या भावंडास्नी सुरीनं कापलंय हिनं! साकु! ह्या घरात एक तर मी ऱ्हाईन न्हाय तर ही. उद्याच्या मोटारीनं धाडा कॅम्पात!"

मला रडू फुटलं. वहिनी रडली नाही. ती खाली बसली आणि एक एक लुगडं घडी करून ट्रंकेत ठेवू लागली. तिच्या नखांत अजून हिरवा रंग होता. अण्णा दारात उभा राहिला, काहीतरी बोलायला त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. त्या क्षणी मला माझ्या भावाचा इतका राग आला की त्याचं वर्तमानपत्र मी चुलीत घातलं. लढाईत त्या दिवशी काय झालं ते आमच्या घराला कधीच कळलं नाही.

दुपारी आप्पांनी उपाध्यांना बोलावलं. आत्याचा तसा आग्रहच होता. सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बैठक बसली. उपाध्ये मध्ये, आप्पा बाजूला, आत्या खांबाला टेकून, काका जेवणाच्या आशेनं तिथंच. पाटावर साक्षीदार म्हणून कोंब फुटलेला बटाटा. उपाध्यांनी गंभीर होऊन सांगायला सुरुवात केली. कंदमुळांत अनंत जीव, कापणं पाप, घरात ठेवणं पाप, हाताळणं पाप, त्याचा रस ज्याला लागेल ते अन्न...

"उपाध्येकाका," वहिनी म्हणाली.

ती दाराआडून बाहेर आली होती. पदर डोक्यावर, पण मान वर. सासऱ्यासमोर, परक्या पुरुषासमोर ती पहिल्यांदाच अशी उभी राहिली.

"काय गं पोरी?"

"संक्रांतीला तुमच्याकडं कार्ड पाठवलं होतं. त्याच्यावर दोन लाडू होते. कसे झाले होते?"

"लई चांगलं झालतं," उपाध्ये म्हणाले. आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. तिळाचा लाडू, बटाट्याचा ठसा, हाताची बोटं, तोंड. आप्पांनीही तोच रस्ता मनात चालून पाहिला असावा, कारण त्यांनी एकदम मिशीवर हात नेला. सगळी गल्ली, बस्तीतले पंच, दुकानातले दलाल, सगळ्यांनी ते लाडू खाल्ले होते. बटाट्यानं माणूस बाटत असेल तर निपाणीतला सगळा समाज बाटला होता, आणि सगळ्यात आधी उभ्या उभ्या बाटले होते उपाध्ये.

उपाध्यांनी बराच वेळ डोळे मिटले. काकांनी मला खुणेनं विचारलं, झोपले काय? मग डोळे उघडून त्यांनी शास्त्र निराळ्या बाजूनं धरलं. पाप भक्षणात असतं. ठसा काही भक्षण नव्हे. रंग सुकला म्हणजे रस उरला नाही, रस नाही तिथं दोष नाही. अजाणतेपणी कापलं, त्याला सुनेनं एक उपास करावा आणि हा जीव परसात मातीत सोडून यावा. "आन् फुडल्या वर्षी," ते घाईघाईनं उठत म्हणाले, "दोडका घ्या."

आप्पांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आई दाराआड डोळे पुसत होती. पण आत्या खांबापासून हलली नाही.

"तुम्ही सगळी बाटलासा म्हणून असं बोलतासा," ती म्हणाली. "आख्ख्या निपाणीत मी एकलीच शुद्ध हाय. म्या कुठं खाल्ला कार्डावरला लाडू? मला कुणी कार्ड दिलंच न्हाय."

काका सोडून सगळ्यांना ते ऐकू गेलं. आप्पा हसायला गेले आणि थांबले. तिनं ते मिरवायला म्हणून म्हटलं होतं, पण शेवटचं वाक्य तिच्या तोंडून जरा वेगळंच बाहेर पडलं. तिचं तिलाही कळलं असावं. ती उठून मागच्या खोलीत गेली. कार्डं आम्ही घरोघरच्या बायकांना दिली होती, लेकीसुनांना, लहान पोरींनासुद्धा. विधवेला संक्रांतीचं काही द्यायचं असतं हे आमच्या कुणाच्या, वहिनीच्याही, डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोटार कोगनोळीचे काका, काकू, सून आणि पोरं घेऊन परत गेली. वहिनी राहिली. तिनं उपास केला. सोडायच्या दिवशी सकाळी परसातल्या वेलीवरचा कच्चा दोडका तोडून आणला आणि मला म्हणाली, "आत्यांचं नाव काय गं?"

मला ठाऊक नव्हतं. आईला विचारलं. आई म्हणाली, "आत्या." मग बराच आठव करून म्हणाली, "काय बाई, मी यायच्या आधीपास्नंच समदी आत्याच म्हणत्यात." शेवटी खाली दुकानात जाऊन आप्पांना विचारलं. त्यांनी तराजू थांबवला आणि सांगितलं.

दोडका आडवा कापला की आपोआप फूल पडतं, काही कोरावं लागत नाही. वहिनीनं ते मोराच्या मानेच्या निळ्या-हिरव्या रंगात बुडवून कडेनं उमटवलं आणि मध्ये मोठ्या अक्षरात नाव लिहिलं.

आमच्या घरच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दुपारी सोपा भरला होता. जरीची लुगडी, वेण्या, ओट्यांतली बोरं सांडलेली, गलका. आत्या रिवाजाप्रमाणं मागच्या खोलीत वाती वळत बसली होती. वहिनीनं मला कार्ड घेऊन आत धाडलं. आत्यानं ते दूर धरलं, जवळ धरलं.

"बटाटा न्हाय न्हवं?"

"दोडका हाय, आत्या."

"काय लिवलंय?"

"तुमचं नाव."

"वाच की मग."

"श्रीमती पद्मावतीबाई," मी वाचलं.

"पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं. आत्यानं मांडीवरच्या वाती झटकल्या, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि कार्ड हातात धरून, पांढऱ्या लुगड्यात, सरळ सोप्यात चालत आली. पाटलीणबाई म्हणून एक जाडजूड शेजारीण होती, ती चाचरत म्हणाली, "आत्या, तुम्ही हिथं...?"

"नावानिशी बोलावणं आलंय मला," आत्या म्हणाली आणि कार्ड तिच्या पुढ्यात धरलं. "वाचाय येतंय न्हवं तुला? वाच."

पाटलीणबाईंनी वाचलं. वाचून त्यांनी बाकीच्या बायकांकडं बघितलं. तेव्हा माझी आई, जिनं सगळ्या जन्मात या घरातली एक गोष्ट आपल्या मनानं ठरवली नव्हती, ती म्हणाली, "रत्ना, बघत काय उभी ऱ्हायलीस? वन्संस्नी पाट आण."

मी पाट आणला. आत्या बायकांच्या मधोमध ऐसपैस बसली, आणि बसल्या बसल्या तिनं पाटलीणबाईंच्या लुगड्याला नाव ठेवलं.